काचबिंदू आणि मेंदूचा एमआरआय: दीड टेस्लाच्या मशिनवर नेमकं काय मोजावं

प्रश्न थोडक्यात असा: सिंधुदुर्गातल्या एका रुग्णालयात नेत्रविभागात एमएस करणाऱ्या डॉक्टर विचारतात की, काचबिंदूतलं नुकसान डोळ्याच्या नसेपाशी थांबत नाही, मेंदूच्या मागच्या भागातल्या दृष्टिकेंद्रापर्यंत जातं, असं वाचलं. जवळच्या सेंटरला १.५ टेस्ला ताकदीच्या चुंबकाचं मशीन आहे. प्रबंधासाठी ३०-४० रुग्णांचे एमआरआय करून हे नुकसान मोजता येईल का? फंक्शनल एमआरआय (काही पाहताना मेंदूचा कोणता भाग जागा होतो ते दाखवणारा) करावा का? आणि रोजच्या ओपीडीत याचा उपयोग काय?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते छोटं आहे. ओपीडीत काचबिंदू ओळखायला किंवा तो वाढतोय का हे पाहायला मेंदूचा एमआरआय लागत नाही. त्यासाठी अ‍ॅप्लनेशनने मोजलेला दाब, गोनिओस्कोपी (डोळ्यातल्या पाण्याच्या निचऱ्याचा कोन पाहणं), डिस्कची (नसेचं डोळ्यातलं तोंड) नीट तपासणी, ओसीटी (रेटिनाच्या थरांची जाडी मोजणारा स्कॅन) आणि फील्ड (नजरेचा पसारा मोजणारी चाचणी) पुरेसं आहे. एमआरआय लागतो तो "हा काचबिंदूच आहे ना?" अशी शंका आली की. वय ५० च्या आत, नजर ६/१२ पेक्षा कमी, डिस्क खोलगट असण्यापेक्षा फिकट जास्त, किंवा फील्डमधला दोष उभ्या मध्यरेषेला धरून थांबलेला, यांपैकी काही दिसलं की मेंदू आणि डोळ्यांच्या खोबणींचा कॉन्ट्रास्टसह एमआरआय मागवा. दाब नॉर्मल असून काचबिंदू म्हणून थेंब चालू आहेत आणि आत पिट्युटरीची गाठ वाढतेय, ही चूक महागात पडते. त्या रुग्णाला प्रबंधात घेण्याचा प्रश्नच नाही.

आता प्रबंध. दीड टेस्लावर काम होईल, पण "काचबिंदूच्या रुग्णांच्या मेंदूत फरक दिसतो का" असा प्रश्न घेऊन बसलात तर हाती काही लागणार नाही. साठीच्या आसपासची माणसं, त्यात कोणाला बीपी, कोणाला साखर, कोणी चाळीस वर्षं विडी ओढलेला. अशा मेंदूत फरक दिसणारच. वयाबरोबर पांढऱ्या भागातल्या तंतूंची शिस्त ढिली होते आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या आजाराने ती आणखी बिघडते. रुग्णांचा एफए (तंतूंच्या शिस्तीचा एमआरआयवरचा आकडा) कमी आणि निरोगी लोकांचा जास्त आला तर तो काचबिंदूमुळे की बीपीमुळे, हे एकट्या आकड्यावरून कळत नाही. म्हणून प्रश्न असा ठेवा: फील्डमध्ये जिथे दोष आहे, मेंदूतल्या त्याच पत्त्यावर फरक दिसतो का? सगळी आखणी या एका प्रश्नाभोवती करा.

पत्ता कसा लागतो ते पाहू. एका डोळ्यातून साधारण १० ते १२ लाख तंतू निघतात. कायझ्मामध्ये (दोन्ही नसा जिथे एकमेकींना छेदतात) त्यांतले सुमारे ५३ टक्के पलीकडे जातात, उरलेले त्याच बाजूला राहतात. पुढे एलजीएन, म्हणजे मेंदूतलं मधलं ठाणं. त्याच्या सहा थरांपैकी १, ४, ६ विरुद्ध बाजूच्या डोळ्याचे आणि २, ३, ५ त्याच बाजूच्या डोळ्याचे. तिथून ऑप्टिक रेडिएशन, म्हणजे दृष्टिकेंद्राकडे जाणारा तंतूंचा पट्टा. वरच्या फील्डचे तंतू आधी टेम्पोरल लोबमध्ये पुढे जाऊन मायर्स लूपचं वळण घेतात आणि दृष्टिकेंद्रातल्या कॅल्करिन घडीच्या खालच्या काठावर पोचतात. खालच्या फील्डचे तंतू वरून सरळ मागे जातात, वरच्या काठावर. मधला पट्टा मॅक्युलाचा (रेटिनाचा मध्य), तो अगदी मागे ऑक्सिपिटल टोकाला. थोडक्यात, रेटिनाचा नकाशा उलटासुलटा होऊन मेंदूत उतरलेला असतो, पण शेजार मोडत नाही.

इथे प्रबंधांमध्ये हमखास होणारी चूक. रुग्णाला फक्त उजव्या डोळ्यात काचबिंदू, म्हणून मेंदूची एक बाजू "आजारी" आणि दुसरी "निरोगी" धरून तुलना केली जाते. हे साफ चुकीचं आहे. एका डोळ्याचा आजार दोन्ही एलजीएनमध्ये जवळपास अर्धा-अर्धा वाटला जातो. उजव्या मेंदूकडे जातं ते डावं फील्ड, तेही दोन्ही डोळ्यांचं: डाव्या डोळ्याची कानाकडची बाजू आणि उजव्या डोळ्याची नाकाकडची बाजू. म्हणून हिशोब डोळ्यांचा न मांडता चतकोरांचा मांडा. वरचा डावा चतकोर म्हणजे उजव्या रेडिएशनचा खालचा भाग, खालचा डावा म्हणजे उजव्या रेडिएशनचा वरचा भाग. डाव्या मेंदूचंही तसंच. एका रुग्णाचे चार आकडे.

या मांडणीत एक मोठा फायदा दडलेला आहे. काचबिंदू पुष्कळदा फील्डचा वरचा अर्धा भाग आधी खातो आणि खालचा बराच काळ शाबूत ठेवतो. म्हणजे त्याच माणसाच्या, त्याच स्कॅनमधल्या, त्याच बाजूच्या रेडिएशनचा खालचा पट्टा आजारी आणि वरचा पट्टा तुलनेसाठी तयार. वय, बीपी, मशीन, त्या दिवशीची हालचाल, सगळं दोन्ही पट्ट्यांना सारखं. बाहेरचा कंट्रोल (तुलनेसाठी घेतलेला निरोगी माणूस) इतका चांगला जुळवून कधीच मिळत नाही. म्हणून ४० मिळेल ते रुग्ण घेण्यापेक्षा वर-खाली ठळक फरक असलेले २५ शोधा.

नुकसान मेंदूत पोचतं याबद्दल आता फारसा वाद नाही. माकडांमध्ये दाब वाढवल्यावर एलजीएन आकसतो हे आधी दिसलं होतं. माणसात २००६ साली नीरू गुप्ता, येनी युजेल आणि सहकाऱ्यांनी काचबिंदूच्या रुग्णाच्या शवविच्छेदनात नस, एलजीएन आणि दृष्टिकेंद्र तिन्ही ठिकाणी ऱ्हास दाखवला. २००७ मध्ये डंकन यांच्या गटाने फंक्शनल एमआरआयमध्ये दृष्टिकेंद्राचा प्रतिसाद फील्डच्या दोषाशी जुळतो हे मांडलं. २००९ मध्ये रोमच्या गाराची यांच्या गटाने डिफ्युजन टेन्सरने (पाण्याच्या हालचालीवरून तंतूंचा अंदाज घेणारा एमआरआय) नस आणि ऑप्टिक रेडिएशन दोन्हींत एफए कमी व एमडी (पाण्याचा सरासरी पसार) जास्त दाखवला. वाद आहे तो क्रमाचा. ऱ्हास डोळ्याकडून मागे जातो की काही रुग्णांत मेंदूतही वेगळं काही घडतं? एकदाच काढलेल्या स्कॅनवरून हे सांगता येत नाही. तुमच्या प्रबंधातही ते सांगण्याचा मोह टाळा.

डोळ्याची बाजू आधी पक्की करा

एमआरआयचा आकडा त्याला जोडलेल्या फील्डइतकाच खरा. बहुतेक प्रबंध इथेच बुडतात, मशिनपाशी नाही. पहिलं फील्ड शिकण्यात जातं, ते मोजू नका. दुसरं आणि तिसरं घ्या. फिक्सेशन लॉस (नजर भटकणं) २० टक्क्यांच्या आत, फॉल्स पॉझिटिव्ह (ठिपका नसताना बटण दाबणं) १५ टक्क्यांच्या आत. तीव्रतेसाठी हॉडॅप-पॅरिश-अँडरसनची विभागणी चालेल: एमडी (फील्डमधली सरासरी घट) −६ डीबीपेक्षा चांगला तर सौम्य, −६ ते −१२ मध्यम, त्याखाली तीव्र. (हा एमडी फील्डचा. डिफ्युजनमध्येही एमडी आहे. प्रबंधात दोघांना वेगळी नावं द्या, नाहीतर परीक्षकाआधी तुमचाच गोंधळ उडेल.)

फील्डच्या २४-२ चाचणीत ५४ बिंदू असतात. अंधबिंदूचे दोन वगळले की कानाकडे २४ आणि नाकाकडे २८ उरतात, कारण ही चाचणी नाकाकडे एक पायरी पुढे जाते. चतकोराचा आकडा काढताना टोटल डेव्हिएशनचे आकडे घ्या, त्यात वय आधीच वजा झालेलं असतं. आणि डीबींची सरळ सरासरी काढू नका. डीबी ही लॉगची पट्टी आहे: −३ म्हणजे संवेदना निम्मी, −१० म्हणजे दहावा हिस्सा. तंतूंची संख्या किंवा एफए लॉगमध्ये चालत नाही. प्रत्येक बिंदू आधी साध्या पट्टीवर आणा (डीबीला १० ने भागा, १० चा तितका घात करा), मग सरासरी. दोन्ही डोळ्यांचे संबंधित अर्धे एकत्र घ्या. "दोन्हींपैकी चांगला बिंदू" घेण्याची पद्धत रोजच्या जगण्यातली अडचण मोजायला ठीक आहे. तंतूंचा पट्टा मात्र दोन्ही डोळ्यांचे तंतू वाहतो, तिथे सरासरीच हवी.

आपल्या किनाऱ्यावर साठीपुढचा रुग्ण म्हणजे मोतीबिंदूही असणार. तो सगळं फील्ड सारखं खाली ओढतो आणि ओसीटीचा सिग्नलही बिघडवतो. एलओसीएस-३ या मोतीबिंदूच्या पट्टीने ग्रेड करा, दाट मोतीबिंदू असेल तर वगळा किंवा शस्त्रक्रियेनंतर फील्ड पुन्हा घ्या. पिलोकार्पिनच्या थेंबांनी बाहुली बारीक झालेल्या डोळ्याचं फील्डही असंच फसवतं. ओसीटीसाठी बाहुली मोठी करण्याआधी गोनिओस्कोपी झालेली असली पाहिजे. अरुंद कोनाच्या डोळ्यात बाहुली फुलवून दाब एकदम भडकण्याचा अ‍ॅटॅक आणणं हे कोणत्याही प्रबंधासाठी परवडणारं नाही.

ओसीटीमध्ये आरएनएफएल (रेटिनातला नसतंतूंचा थर) आणि गँग्लियन सेलचा थर दोन्ही घ्या. तीव्र आजारात आरएनएफएल ५०-५५ मायक्रॉनच्या आसपास येऊन अडकतो, कारण उरलेली जाडी ग्लिया (आधार देणाऱ्या पेशी) आणि रक्तवाहिन्यांची असते. तिथून पुढे आजार वाढला तरी आकडा हलत नाही. मेंदूच्या इमेजिंगला खरी जागा कुठे मिळाली तर ती या टप्प्यावर मिळेल असं वाटतं, म्हणून तीव्र रुग्ण मुद्दाम वगळू नका.

ओपन अँगल (निचऱ्याचा कोन उघडा) आणि अँगल क्लोजर (कोन बंद) काचबिंदू एकत्र मिसळू नका. अँगल क्लोजरमध्ये अ‍ॅटॅक येऊन गेला असेल तर नसेचं नुकसान एका रात्रीत झालेलं असतं, वर्षानुवर्षांच्या आजाराशी त्याची तुलना होत नाही. स्टेरॉइडच्या थेंबांनी झालेला काचबिंदूही बाजूला ठेवा. मेडिकलमधून परस्पर आणलेले थेंब महिनोन्‌महिने घातलेले असतात आणि विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

निरोगी गटासाठी रुग्णाचे नवरा किंवा बायको बरे. वय जुळतं, खाणंपिणं तेच, गाव तेच, आणि ते तसेही सोबत आलेले असतात. पूर्ण गटात स्त्री-पुरुष प्रमाण सारखं राहील एवढं पाहा. सख्खे भाऊ-बहीण कंट्रोल म्हणून घेऊ नका, त्यांना काचबिंदूचा धोका जास्त असतो; त्यांना तपासायला बोलवा, गटात नको. कंट्रोललाही गोनिओ, फील्ड आणि ओसीटी पूर्ण.

फंक्शनल एमआरआय नको

दीड टेस्लावर तो होतच नाही असं नाही, पण या कामासाठी नको. पहिलं कारण पडद्याचं. आरशातून दिसणारा पडदा बहुतेक ठिकाणी मध्यापासून १० ते १५ अंशांपर्यंतच पोचतो. काचबिंदूचा सुरुवातीचा दोष, नेझल स्टेप (नाकाकडची पायरी) किंवा आर्क्युएट (कमानीसारखा), बरेचदा त्याच्या बाहेर असतो. म्हणजे जो भाग मेला आहे तो तुम्ही दाखवणारच नाही. दुसरं, रुग्णाची नजर एका ठिपक्यावर स्थिर हवी. आय-ट्रॅकर नसेल तर प्रतिसाद कमी येण्याचं कारण काचबिंदू की भटकलेली नजर, हे कळायला मार्ग नाही. तिसरं, चष्मा आत नेता येत नाही. जवळचं दिसत नसलेल्या माणसासाठी प्लास्टिक फ्रेमची भिंगं लागतात. चौथं कारण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही: डायमॉक्स, म्हणजे दाब कमी करणारी अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी. अ‍ॅसिटाझोलामाइड मेंदूचा रक्तप्रवाह वाढवतं. फंक्शनल एमआरआयमधला बोल्ड सिग्नल रक्तप्रवाहातल्या बदलावर उभा असतो, त्यामुळे आधीच प्रवाह वाढलेल्या मेंदूत उत्तेजनाचा फरक कमी दिसतो. दाब जास्त म्हणून गोळी चालू असलेला रुग्ण म्हणजेच आजार जास्त असलेला रुग्ण. तुम्हाला सुंदर संबंध मिळेल आणि तो गोळीचा असेल.

पुढे कधी ३ टेस्ला आणि नीट प्रोजेक्शनची सोय मिळाली तर १६ ते २० सेकंदांचे ब्लॉक, ८ हर्ट्झचा चेकरबोर्ड, फिरती फाक आणि फुलती कडी यांनी नकाशा काढता येईल. तेव्हा पडद्याचे १० अंश आणि १०-२ फील्ड (मधल्या १० अंशांचं) यांची जोडी लावा, २४-२ ची नाही.

एलजीएनचं आकारमानही सोडून द्या. ते एका बाजूला साधारण १०० ते १५० घनमिलिमीटर, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढं. प्रोटॉन डेन्सिटी प्रकारच्या चित्राचे १ मिमी जाडीचे काप कितीतरी वेळा काढून सरासरी घेतली तरी दीड टेस्लावर कडा पुसट राहतात आणि दोन माणसांनी आखलेल्या सीमा जुळत नाहीत.

स्कॅन कसा लावावा

टी-१ चं (मेंदूची रचना दाखवणारं) त्रिमितीय चित्र, १ मिमीचे घन व्हॉक्सेल (चित्राचा सगळ्यात छोटा ठोकळा), ५-६ मिनिटं. फ्लेअर, शक्यतो ३ मिमीच्या आतले काप, पांढरे ठिपके मोजायला. या ठिपक्यांचा फझेकास ग्रेड ० ते ३ प्रत्येकाचा लिहा. ग्रेड ३ ला सरळ वगळा, २ ला वेगळं नोंदवा.

मुख्य काम डिफ्युजनचं. बी (डिफ्युजनचा जोर) १०००, ३० दिशा, ५ बी-शून्य (जोराविना) चित्रं, टीई (सिग्नल पकडण्याआधीचा वेळ) मशीन देईल तेवढा कमी, पॅरलल इमेजिंगचा फॅक्टर २, फॅट सप्रेशन चालू. व्हॉक्सेल २.५ मिमीचा ठेवा. २ मिमी वाचायला आकर्षक वाटतं, पण २ मिमीचा घन ८ घनमिमी आणि अडीचचा १५.६, सिग्नल जवळजवळ दुप्पट. दीड टेस्लावर ही देवघेव सोडू नये. टीआर (एका चित्राचा वेळ) ९ सेकंद धरला तर ३५ चित्रांना सव्वापाच मिनिटं. हे दोनदा घ्या. एकदाच दहा मिनिटांचं घेण्यापेक्षा दोन तुकडे बरे, कारण माणूस खोकला किंवा हलला तर एक तुकडा तरी वाचतो.

फेज एन्कोडिंग (ज्या दिशेने चित्र ताणलं जातं ती) पुढून-मागे ठेवा आणि उलट दिशेने बी-शून्यची २-३ चित्रं जास्तीची काढा, अर्ध्या मिनिटाचं काम. सायनसमधल्या हवेमुळे कपाळ आणि टेम्पोरल लोबजवळ चित्र ताणलं जातं, आणि मायर्स लूप नेमकं त्याच टेम्पोरल लोबमध्ये. उलट चित्र असेल तर टॉपअप या सॉफ्टवेअरने हा ताण काढता येतो, नसेल तर नाही. तंत्रज्ञाने सवयीने फेज डावी-उजवी ठेवली तर ताण दोन बाजूंना वेगवेगळा येतो आणि डाव्या-उजव्याची तुलना संपते.

नसेचा एक सिक्वेन्स घ्यायचा असेल तर नसेला काटकोनात तिरका कोरोनल टी-२, फॅट दाबून, कापाच्या पातळीत ०.४ मिमी. डोळ्यामागे ५, १० आणि १५ मिमीवर व्यास मोजा. नस साधारण ३ मिमीची, म्हणजे सात-आठ पिक्सेल. एक पिक्सेल चुकला की १३ टक्के चूक. म्हणून दोघांनी, रुग्ण कोण हे न पाहता मोजायचं. डोळे मिटून नजर एकाच जागी ठेवायला सांगा. मिटल्या पापण्यांखाली बुबुळं फिरतातच, तेव्हा हा सिक्वेन्स तीन मिनिटांच्या आत आवरा. या नसेचं डिफ्युजन मात्र काढू नका. भोवतीचं पाणी आणि चरबी अडीच मिमीच्या व्हॉक्सेलमध्ये मिसळते. सुकलेल्या नसेभोवती पाणी जास्त, त्यामुळे एफए आपोआप कमी दिसतो आणि तो तंतूंच्या ऱ्हासाचा म्हणून छापला जातो.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट: उजव्या कानशिलाला व्हिटॅमिन ईची कॅप्सूल चिकटवा. टी-१ वर ती पांढरी चमकते. फाइलींचं रूपांतर करताना डावं-उजवं उलटलं तर लगेच कळतं. चतकोरांच्या हिशोबात डावं-उजवं उलटणं म्हणजे सगळा प्रबंध उलटणं.

समुद्रकाठच्या मशिनचे त्रास

खारी हवा मशिनच्या खोलीत दिसत नाही, पण बाहेरच्या चिलरच्या जाळ्या खाते. थंडपणा कमी पडला की डिफ्युजनसारखा ग्रेडियंट तापवणारा सिक्वेन्स मध्येच थांबतो किंवा लावताच येत नाही. दुसरं, दाराच्या कडेच्या तांब्याच्या पट्ट्या. त्यांवर गंज आणि मळ चढला की बाहेरच्या रेडिओ लहरी आत येतात आणि चित्रावर झिपरसारखी ठिपक्यांची रेघ उमटते. रेघ दिसली तर सिक्वेन्सचे आकडे बदलत बसण्याआधी दार नीट लागलंय का पाहा, पट्ट्या पुसून घ्या. पावसाळ्यात खोलीतला दमटपणा ६० टक्क्यांच्या आत ठेवायला एसी पुरेल असं धरू नका, रोज आकडा लिहून ठेवा. विजेचा खेळ असेल तर वीज आल्यावर लगेच डिफ्युजन लावू नका, मशीन स्थिर होऊ द्या.

आत नेण्याआधी

ठराविक फॉर्म भरून घेण्यापलीकडे काही प्रश्न तोंडी विचारा. ग्राइंडर, वेल्डिंग, ट्रॉलरच्या इंजिनचं काम, चिरेखाणीत कटर चालवणं, यांतलं कधी काही केलंय का? डोळ्यात कधी लोखंडाचा किस गेला होता का? हो असेल तर आधी खोबणीचा एक्स-रे किंवा सीटी. डोळ्यातला लोखंडी कण चुंबकात हलला तर उरलेली नजरही जाते. काचबिंदूची शस्त्रक्रिया झाली असेल तर काय बसवलंय ते डिस्चार्ज कार्डावर पाहा. मदुराईच्या ऑरोलॅबचं आडी (दाब कमी करायला बसवलेली नळी) सिलिकॉनचं आहे, त्याची अडचण नाही. एक्स-प्रेस शंट स्टीलचा आणि आय-स्टेंट टायटॅनियमचा. दोन्हींना अटी आहेत, कंपनीचं कार्ड रेडिओलॉजिस्टला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. मोतीबिंदूनंतरच्या भिंगाची काळजी नको.

काजळ आणि सुरमा पुसायला लावा. काहींच्या रंगात लोखंडाचा ऑक्साइड असतो, तो तापतो आणि नेमका डोळ्यांपाशी चित्रात भोक पाडतो. मंगळसूत्र काढायला बायका नाखूश असतात, पण गजऱ्यातले आकडे आणि अंबाड्यातल्या पिना त्याहून धोक्याच्या, आणि त्या कोणी आठवणीने सांगत नाही.

अरुंद कोनाच्या डोळ्याला इरिडोटॉमी (लेझरने आयरिसला छिद्र) झालेली नसेल तर स्कॅनचा विषयच नको, आधी लेझर. अंधाऱ्या खोलीत पाऊण तास आडवं झोपणं अशा डोळ्याला मानवत नाही. आणि स्कॅनच्या दिवशी थेंब चुकवायचे नाहीत हे दोनदा सांगा. पहाटेच्या एसटीने निघालेला माणूस सकाळचे थेंब घरीच विसरतो, आणि "आज तपासणी म्हणून घातले नाय" असंही म्हणतो.

"डोळ्यांचो आजार, मगे डोक्याचो फोटो कित्याक?" हा प्रश्न येणारच. संमतीपत्रात याचं उत्तर साध्या मराठीत लिहा: या तपासणीने तुमचे उपचार बदलणार नाहीत, नजर सुधारणार नाही, ही अभ्यासासाठी आहे. प्रत्येक स्कॅन रेडिओलॉजिस्टने वाचायचा, आणि गाठ किंवा जुना झटका अचानक सापडला तर तो कोण सांगणार, पुढे कुठे पाठवणार हे एथिक्स कमिटीच्या कागदातच ठरवा. कॉन्ट्रास्ट या अभ्यासाला लागत नाही.

आकडे काढताना

सगळं मोफत सॉफ्टवेअरवर होतं: एफएसएल, एमआरट्रिक्स, फ्रीसर्फर. क्रम चुकवू नका. आधी नॉइज काढणं आणि गिब्सच्या रेघा काढणं, मग टॉपअप, मग एडी (हालचाल आणि करंटमुळे आलेल्या ताणाची दुरुस्ती), मग टेन्सर. नॉइज काढण्याची पायरी शेवटी केली तर ती काम करत नाही, कारण मधल्या पायऱ्यांनी नॉइजचं स्वरूप बदललेलं असतं. पहिल्याच रुग्णाचा रंगीत नकाशा डोळ्याने बघा: कॉर्पस कॅलोसमचा मधला भाग लाल, म्हणजे डावा-उजवा, दिसला पाहिजे. दिशांच्या यादीत अक्षांची अदलाबदल झाली असेल तर एफए बरोबर येतो आणि तंतूंच्या दिशा चुकतात, म्हणून फक्त एफए बघून समाधान मानू नका.

बी १००० आणि ३० दिशांवर मायर्स लूपची ट्रॅक्टोग्राफी (तंतूंचे मार्ग आखणं) करू नका. वळण इतकं तीव्र आहे की साधी पद्धत ते अर्ध्यात तोडते, आणि लूपचं टोक माणसागणिक टेम्पोरल टोकापासून २२ ते ३७ मिमीपर्यंत कुठेही असतं. त्यापेक्षा मेंदूच्या तयार नकाशांपैकी युलिच अ‍ॅटलासमधलं ऑप्टिक रेडिएशन घ्या. त्याच्या मागच्या भागाचे वर, मध्य, खाली असे तीन हिस्से करा आणि वरचा व खालचा वापरा. ढोबळ आहे, पण कसं केलं ते लिहून दाखवता येतं. जेएचयू अ‍ॅटलासमधल्या पोस्टीरियर थॅलॅमिक रेडिएशनच्या पट्ट्यात ऑप्टिक रेडिएशनशिवाय इतर तंतूही आहेत, तो टाळा.

दृष्टिकेंद्राची जाडी फ्रीसर्फरने काढता येते. एका मेंदूला ६ ते १० तास, रात्री लावून जा. कॅल्करिनपाशी कॉर्टेक्स जेमतेम २ मिमी, म्हणजे दोन व्हॉक्सेल. शिवाय मध्यातल्या १० अंशांना व्ही-१ चा (मुख्य दृष्टिकेंद्राचा) निम्म्याहून जास्त भाग मिळतो. परिघावरचा दोष कॉर्टेक्सच्या छोट्या, पुढच्या तुकड्यात बसतो. सगळ्या व्ही-१ ची सरासरी घेतली की तो तुकडा बुडून जातो. घड्यांच्या आकारावरून नकाशाचा अंदाज बांधणारं बेन्सनचं टेम्प्लेट वापरून १० ते २४ अंशांचा वरचा आणि खालचा काठ वेगळा काढा. फंक्शनल एमआरआय न करता नकाशा मिळतो तो असा.

एक जागा अशी मोजा जिचा नजरेशी संबंध नाही. इंटर्नल कॅप्सूलचा मागचा भाग चांगला. रुग्णांमध्ये तिथेही एफए तेवढाच कमी असेल तर तुम्ही वय आणि रक्तवाहिन्या मोजताय, काचबिंदू नव्हे. ही जागा आधी ठरवून सिनॉप्सिसमध्ये लिहा, निकाल आल्यावर शोधू नका. तसंच एफए, एमडी, एडी (पाण्याचा तंतूंच्या लांबीने पसार; वरच्या दुरुस्तीचा एडी नव्हे), आरडी (तंतूंना आडवा पसार) असे चार आकडे, चार चतकोर आणि दोन ठिकाणं घेतली की ३२ चाचण्या होतात. मुख्य आकडा एकच ठेवा, रेडिएशनचा एफए, बाकीचे दुय्यम. आरडी वाढला म्हणजे मायलिन गेलं, असं छातीठोक लिहू नका. तंतू एकमेकांना छेदतात तिथे हा अर्थ टिकत नाही.

एका माणसाचे चार चतकोर म्हणजे चार माणसं नव्हेत. मिक्स्ड मॉडेल (एकाच माणसाचे अनेक आकडे सांभाळणारी सांख्यिकी पद्धत) वापरा, माणूस रँडम, वय आणि फझेकास ग्रेड सोबत. हालचालीचा आकडाही घाला, कारण म्हातारा रुग्ण जास्त हलतो. फरक बारीक असणार आहे आणि गटांच्या पातळीवरच दिसेल. एका रुग्णाच्या एफएवरून त्याला काचबिंदू आहे-नाही हे ठरवता येत नाही, आणि प्रबंधाच्या शेवटी तसं वाक्य घालू नका.

वेळापत्रकाचं आधी ठरवा. एप्रिल-मे आंब्यात जातो, जूनपासून भाताची लावणी, मग गणपती. बागायतदार आणि शेतकरी मिळतात ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी. खलाशी मात्र मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत, जूनपासून, घरी असतात. इथेच फसगत होते: खलाशी रुग्ण सगळे पावसाळ्यात आणि कंट्रोल सगळे हिवाळ्यात स्कॅन झाले, मधे मशिनचं सॉफ्टवेअर बदललं किंवा कॉइल दुरुस्त झाली, की गटांमधला फरक मशिनचा असतो. दर आठवड्याला रुग्ण आणि कंट्रोल मिसळून घ्या, दर महिन्याला फँटमचा (मशीन तपासायच्या ठरलेल्या नमुन्याचा) एक स्कॅन ठेवा, आणि सेंटरला पहिल्याच दिवशी लेखी सांगा की काम संपेपर्यंत अपग्रेड करायचं असेल तर आधी कळवा. डिफ्युजनची मूळ फाइल त्याच संध्याकाळी स्वतःच्या डिस्कवर उतरवून घ्या. सेंटरच्या सर्व्हरवर जागा भरली की आधी तीच उडवली जाते आणि तयार रंगीत नकाशे तेवढे उरतात, ज्यांचा तुम्हाला काही उपयोग नाही.